रात्री हाताला मुंग्या येतात?

"डॉक्टर, रात्री दोनला हात मेल्यासारखा होतो. झटकला की बरं वाटतं." शिवणकाम करणाऱ्या एक बाई सांगत होत्या. दोन वर्षे 'वात' समजून तेल चोळणे चालले होते.

"करंगळीला मुंग्या येतात?"

"नाही."

निदान जवळजवळ तिथेच झाले.

मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जागा अपुरी पडली की तंतू दबतो. अंगठा व शेजारची अडीच बोटे बधिर होतात, करंगळी सुटते. हा 'कार्पल टनेल सिंड्रोम'. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईड कमी पडल्यासही तो होतो. म्हणून रक्त तपासावे. उगाच ताकदीचे इंजेक्शन मागू नये (आणि आम्हीही देऊ नये!).

झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधावी. कात्री, लाटणे चालवताना मधूनमधून हात थांबवावा.

बाईंच्या अंगठ्याखालचा उंचवटा मात्र सपाट झाला होता. शस्त्रक्रियेने मुंग्या गेल्या, अंगठ्यातली ताकद पूर्ण परतली नाही. काजबटणाचे काम आता त्यांची मुलगी करते.