दुसऱ्याच्या वहीतले आपले नाव

ऋण काढून सण करणे आमच्या घराण्याला ठाऊक नाही. वडिलांनी वाण्याची उधारी कधी पहिल्या तारखेच्या पुढे जाऊ दिली नाही, आणि तोच कित्ता मी चोवीस वर्षांच्या नोकरीत गिरवला. तेव्हा डोंबिवलीतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून स्वतःचे घर घ्यायचे आमच्या सौ.ने मनावर घेतले, त्या वेळी मी बँकेत गेलो तो अगदी ताठ मानेने.

समोरच्या तरुण अधिकाऱ्याने संगणकात डोकावून पाहिले आणि हलक्या आवाजात म्हटले, “काका, तुमचा सिबिल कमी आहे.”

मला वाटले, रक्तदाबासारखे काहीतरी असावे! पथ्य काय, असे विचारणार होतो. पण त्याने कर्जाचा अर्ज परत माझ्या हाती दिला आणि माझे हसू मावळले.

सिबिल ही 2000 साली स्थापन झालेली पतमाहिती कंपनी. अशा चार कंपन्या आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालतात. त्यांच्यासाठी 2005 साली कायदाही झाला. आपली कर्जे, भरलेले आणि चुकलेले हप्ते, क्रेडिट कार्डाची बिले, या सर्वांची माहिती बँका त्यांना कळवतात. त्यावरून आपल्याला 300 ते 900 च्या दरम्यान गुण मिळतात. 750 च्या वर गुण असले, की कर्ज देणाराची मुद्रा सहसा प्रसन्न असते. म्हणजे ही वाण्याची वहीच म्हणा ना! फरक इतकाच, की वाणी आपल्याला तोंडाने ओळखत होता.

माझ्या नावावर कर्ज असे नव्हतेच. एक क्रेडिट कार्ड होते, त्याचे बिलही वेळच्या वेळी भरत आलो होतो. मग हा डाग कुठला? अहवाल मागवला, तेव्हा उलगडा झाला. पाच वर्षांपूर्वी कचेरीतल्या एका स्नेह्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. चहा पिता पिता सही केली आणि विसरून गेलो. त्या कर्जाचे सात हप्ते थकले होते. बँकेची पत्रे माझ्या जुन्या पत्त्यावर जात होती.

संतापाने मी घरी आलो. सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “घर काय, वर्षानं घेऊ. आधी त्यांच्याकडे जाऊन या. आणि भांडायला म्हणून जाऊ नका.”

गेलो. दार उघडताच स्नेह्याची मान खाली गेली. त्याच्या पत्नीच्या आजारपणात सगळी शिल्लक आटली होती. “तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?” एवढेच तो म्हणाला. पाठ केलेली सगळी वाक्ये मी गिळून टाकली.

थकबाकी आम्ही दोघांनी मिळून फेडली. थोडे कमी भरून तडजोड करा, असा सल्ला काहींनी दिला. पण तडजोडीने मिटवलेले खाते अहवालात ‘सेटल्ड’ असेच राहते आणि पुढच्या कर्जदात्याला खुपते. म्हणून पै न पै भरली आणि येणे नसल्याचा दाखला घेतला. तरीही अहवालात जुनीच थकबाकी दिसत राहिली, तेव्हा रीतसर तक्रार केली. रिझर्व्ह बँकेने 2023 साली काढलेल्या परिपत्रकानुसार अशी तक्रार 30 दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. ती वेळ आली नाही. मात्र गुण पूर्वपदावर यायला वर्ष लागले. मनात भरलेले घर तोवर दुसऱ्याचे झाले होते.

या फेऱ्यात जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. हप्ता एक दिवसही चुकवू नये. कार्डाची मर्यादा लाखाची असली, तरी खर्च तीसेक हजारांच्या आत ठेवावा. गरजेपोटी एकदम चार बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुण कमी होत नाहीत, आणि प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. आणि जामीन राहायचेच असेल, तर कर्ज आपणच काढले आहे असे समजून सही करावी. नंतर मित्राच्या हप्त्याची चौकशी करताना संकोच करू नये. मी वेळीच विचारले असते, तर त्या बिचाऱ्याचेही ओझे हलके झाले असते.

सौ.चे मात्र वेगळेच गाऱ्हाणे आहे. “पंधरा वर्षांत भिशीचा एक हप्ता चुकवला नाही मी. ते कुठं लिहिलंय तुमच्या त्या अहवालात?” खरेच, तसले काही तिथे लिहीत नाहीत.

यंदा लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघांचेही अहवाल छापून चौरंगावर ठेवणार आहोत. व्यापारी आपली वही पुजतो; आपण नोकरदारांनी निदान वर्षातून एकदा ती उघडून तरी पाहावी!