कापसाशिवायचं सूत

भिवंडीत वीज आहे तोवर यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही. सूत कांडीवर चढतं, धोटा धावतो, कापड उतरतं. अणुकेंद्रातल्या द्रव्याचंही सूत निघतं, कापड बनतं, आणि तेही विणकराशिवाय, असं इथल्या कारागिराला सांगितलं तर तो आधी हसेल.

हा कारखाना न्यूट्रॉन ताऱ्यात आहे. वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट, आकार मात्र भिवंडी, कल्याण आणि ठाणे पोटात मावतील एवढाच. अणुकेंद्रातलं द्रव्य एक घन सेंटीमीटर काढलं, तर भरेल सुमारे 23 कोटी टन. किलोमीटरभर जाडीच्या कवचाच्या तळाशी केंद्रकं एकमेकांना टेकू लागतात, आणि मग ओढाताण सुरू होते. केंद्रकीय बल कणांना जवळ ओढतं, प्रोटॉनांचा विद्युतभार त्यांना दूर लोटतो. दोघांचंही पुरतं चालत नाही. या तडजोडीतून आधी गोळे, खोल गेल्यावर त्यांचे जुळून धागे, आणखी खोलवर धाग्यांचे सपाट थर. 1983 साली रेव्हनहॉल, पेथिक आणि विल्सन यांनी हे गणिताने दाखवलं. शास्त्रज्ञ त्याला पास्ता म्हणतात. इटालियन जेवणाची हौस, दुसरं काय! आपण सूत आणि कापड म्हणू. 2018 मधल्या संगणकीय अभ्यासानुसार ते तोडायला पोलादाच्या अब्जावधी पट जोर लागेल.

हे द्रव्य हाती लागणार नाही. त्याचा माग काढायचा तो ताऱ्याच्या ठोक्यांवरून. भिवंडीहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट करत नारायणगाव गाठलं की जवळच खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. स्पंदक म्हणजे फिरणारे न्यूट्रॉन तारे. त्यांचे रेडिओ ठोके तिथे टिपले जातात. असा तारा एरवी हळूहळू मंदावतो, पण कधीकधी अचानक किंचित वेग घेतो. सेकंदाला अकरा फेऱ्या मारणाऱ्या वेला स्पंदकाची अशी उसळी 1969 मध्ये प्रथम दिसली. कवचातल्या अतिप्रवाही न्यूट्रॉनांचे भोवरे अडकून राहतात आणि गुंता एकदम सुटावा तसे सुटतात, हे त्याचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण. खोडद आणि उटीच्या दुर्बिणींनी मिळून अशा उसळ्यांची नोंद ठेवली आहे. भोवरे त्या सुताच्या थरात किती घट्ट अडकतात, यावर अजून वाद चालू आहे.