बारा सागरी मैलांचा परवाना
लेखमाला : हद्दीचं पाणी – लेखांक 6

नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. नोंदणी केंद्राच्या व्यापारी नौवहन कायद्याखाली होते आणि तिचा क्रमांक देशभर ओळखला जातो. परवाना राज्य देतं आणि तो त्या राज्याच्या पाण्यापुरताच चालतो. देवगडच्या नौकेला कारवारसमोर जाळं टाकता येत नाही आणि मलपीच्या ट्रॉलरला मालवणसमोर. हे वाक्य कागदावर सरळ आहे. पाण्यावर ते इतकं अवघड का होतं, ते आज पाहू.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे. प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी मात्र केंद्राकडे आहे. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार ही प्रादेशिक जलधी किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत जाते. तिथून पुढे 200 सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येतं. त्यामुळे कोकणातल्या मच्छीमाराला दोन हद्दी सांभाळाव्या लागतात. एक किनाऱ्याला समांतर, राज्य आणि केंद्र यांच्यामधली. दुसरी आडवी, शेजारच्या राज्याबरोबरची. जमिनीवर हद्दीचा दगड असतो. समुद्रात जीपीएसच्या पडद्यावरचे आकडे तेवढे असतात.

यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा पहिला संघर्ष राज्याराज्यांत नव्हता. तो एकाच गावातल्या दोन प्रकारच्या मच्छीमारांत होता. 1970 च्या दशकात गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले, कारण किनाऱ्यावरून ओढायच्या त्यांच्या रापणीत येणारी मासळी ट्रॉलर आधीच उचलून नेत होते. माथानी साल्ढाणा यांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलेलं आहे. देशात इतरत्रही असेच संघर्ष झाले आणि त्यांतूनच सागरी मासेमारी नियमनाचे कायदे आले: गोव्याचा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा, कर्नाटकाचा 1986 चा. छोट्या मच्छीमारासाठी किनाऱ्यालगतचा पट्टा राखून ठेवणं हा तिन्हींचा गाभा. ही आठवण महत्त्वाची आहे, कारण आज परवान्याची चर्चा जवळजवळ नेहमीच दंडाच्या रकमेवरून सुरू होते.

तिन्ही कायद्यांचा हेतू एक, पण मोजमाप वेगळं. गोव्याने राखीव पट्टा अंतरावर ठरवला: किनाऱ्यापासून 5 किलोमीटर. कर्नाटकाने 6 किलोमीटर धरले आणि मोठ्या नौकांना 20 किलोमीटरच्या बाहेर ठेवलं. महाराष्ट्राने खोलीवर भर दिला: ट्रॉलरला जागेनुसार 5 किंवा 10 वावांच्या आत बंदी, आणि सहाहून अधिक सिलिंडरचं इंजिन असलेल्या ट्रॉलरना 22 किलोमीटरच्या आत मज्जाव. एक वाव म्हणजे जवळपास पावणेदोन मीटर. तळ कुठे झपकन खोल जातो, कुठे लांबपर्यंत उथळ राहतो. त्यामुळे वावात मोजलेला पट्टा कुठे रुंद, कुठे अरुंद होतो. किलोमीटरमधला सगळीकडे सारखाच राहतो. तेरेखोलच्या खाडीसमोरून दक्षिणेला निघालेल्या नौकेच्या तांडेलाला काही मैलांत मोजण्याची पद्धतच बदलावी लागते.

पर्ससीनचंही तसंच. महाराष्ट्राने 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीन जाळ्यांवर क्षेत्राची आणि हंगामाची कडक बंधनं घातली. दक्षिणेकडे नियम तेच राहिले नाहीत. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा आज गोव्यासमोर तर उद्या वेंगुर्ल्यासमोर असतो. ज्या थव्याभोवती एका राज्यात जाळं टाकणं गुन्हा ठरतो, तोच थवा पुढे सरकला की शेजारच्या राज्यात कायदेशीरपणे पकडला जाऊ शकतो. पाळलेल्या बंधनाचा फायदा पाळणाऱ्याच्या पदरात पडत नाही, ही सिंधुदुर्गातल्या गिलनेटवाल्याची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

आता परराज्यातल्या नौकांचा प्रश्न. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या समोर कर्नाटकातले हायस्पीड ट्रॉलर येतात आणि स्थानिकांची जाळी तोडून जातात, ही तक्रार दर हंगामात होते. 2021 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. 2025 च्या जानेवारीत ड्रोननेही नजर ठेवायला सुरुवात झाली. पण मुख्य अडचण पुराव्याची आहे. दुसऱ्या राज्याच्या समुद्रातून नुसतं जाणं हा गुन्हा नाही. तिथे जाळं टाकणं हा गुन्हा आहे. गस्तीनौका दिसली की जाळं वर ओढलं जातं, आणि मग उरतो तो फक्त प्रवास. त्यामुळे नौकेची जागा, वेग आणि दिशा यांची नोंद असणं निर्णायक ठरतं. एक लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉण्डर बसवण्याची केंद्राची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये सुरू झाली. जाळं टाकलेली नौका मंदावते, ठरावीक पद्धतीने वळते. ही नोंद तिन्ही राज्यांचे मत्स्यव्यवसाय विभाग एकमेकांना उघडी करत असतील, तरच तिचा उपयोग.

12 मैलांच्या पलीकडे केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 पासून एलईडी दिव्यांच्या उजेडातली आणि दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्याची मासेमारी बंद केली. हंगामाची बंदीही पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची ठरलेली आहे. म्हणजे मनात आणलं तर समान नियम होतो.

मग शेजारच्या राज्याचा परवाना सरळ मान्यच का करू नये? अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्या सीमेवरच्या नद्यांत कोणत्याही एका राज्याचा रहिवासी आपल्याच परवान्यावर दोन्ही बाजूंना मासे धरू शकतो. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्यामधल्या टेक्सोमा तलावासाठी दोन्ही बाजूंना चालणारा खास परवाना मिळतो. पण तिथे प्रश्न मुख्यतः गळ टाकणाऱ्या हौशी माणसाचा आहे. दोन्ही काठांवरच्या माणसाच्या हातात साधारण सारखंच साधन असतं. इथे एकीकडे शेकडो अश्वशक्तीचा ट्रॉलर आणि दुसरीकडे फायबरची होडी आहे. आज परस्पर मान्यता दिली, तर मलपीचा ट्रॉलर हक्काने मालवणला येईल; मालवणची होडी मलपीला जाणारच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी राखीव पट्टा, जाळ्याचा आस आणि इंजिनाची मर्यादा तिन्ही राज्यांत सारखी करा. परवान्याच्या मान्यतेचं नंतर बघू.

आणि ही माणसं एकमेकांची शत्रू नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात केरळच्या 66 आणि तामिळनाडूच्या 2 नौका 952 मच्छीमारांसह देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. तेव्हा कोणी परवाना विचारला नाही, आणि वादळात तो विचारायचा नसतोच.

महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी पुढचा हंगाम सुरू होण्याआधी एकत्र बसावं. त्या बैठकीत ट्रॉलर मालकांच्या बरोबरीने रापणकार आणि गिलनेटवाले असावेत. सिंधुदुर्गातल्या वाचकांनी ही मागणी आपल्या आमदारांकडे लेखी द्यावी. पुढच्या आठवड्यात समुद्र सोडून आपण धरणांकडे वळू: महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरचा तोतलाडोह जलाशय, जिथे मासेमारीच्या परवान्यांचा वाद 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता.