शोध खरा, पण पैसा लावावा का?

हवामान किंवा ऊर्जा या विषयात पीएच.डी. केल्यावर पुढे काय? प्राध्यापकी किंवा प्रयोगशाळा, एवढेच उत्तर आपण विद्यार्थ्यांना देतो. आता आणखी एक वाट झाली आहे. विज्ञानातील नव्या शोधावर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांत जोखीम पत्करून पैसा लावणाऱ्या संस्थांना शास्त्रज्ञ लागतात. अशा पैशाला साहस भांडवल म्हणतात.

एरिक टून हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे ते ऊर्जा-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘आर्पा-ई’ या सरकारी संस्थेत गेले आणि नंतर ‘ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्स’मध्ये. बिल गेट्स यांच्या पुढाकाराने हा निधी 2016 मध्ये जाहीर झाला. अशा ठिकाणी शास्त्रज्ञ करतो तरी काय?

त्याचा पहिला प्रश्न असतो : हे निसर्गनियमांत बसते का? समजा, एक कंपनी म्हणते, ‘आम्ही 50 युनिट विजेत हवेतून एक टन कार्बन डायऑक्साइड वेगळा काढू.’ हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे रेणू असतात सुमारे 420. मिसळलेले वेगळे करायला ऊर्जा लागतेच. किमान किती, ते उष्मागतिकी सांगते : एका मोलमागे RT गुणिले 1/0.00042 चा नैसर्गिक लॉगॅरिदम. 25 अंश सेल्सिअसला हे उत्तर सुमारे 19 किलोज्यूल येते. एका टनात सुमारे 22,700 मोल असतात. म्हणजे झाले सुमारे 120 युनिट. प्रत्यक्ष यंत्राला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागेल. कंपनीचा दावा कागदावरच निकालात निघाला!

दुसरा प्रश्न : बाजारात टिकेल का? कॅलिफोर्नियातील ‘सोलिंड्रा’ कंपनी 2005 मध्ये निघाली. तिचे नळीच्या आकाराचे सौरघट सिलिकॉनशिवाय चालत. विज्ञान चोख होते. सिलिकॉन महाग राहील, हा अंदाज मात्र चुकला. 2008 मध्ये किलोला 400 डॉलरच्या आसपास गेलेला भाव 2011 अखेर 50 डॉलरच्याही खाली आला. त्याच वर्षी कंपनीने दिवाळे काढले. सरकारने हमी दिलेले 53.5 कोटी डॉलरचे कर्ज अडकले.

तिसरा प्रश्न : उपयोग केवढा? ब्रेकथ्रूची कसोटी अशी, की तंत्र यशस्वी झाल्यास वर्षाला निदान 50 कोटी टन हरितगृह वायू कमी व्हावेत. जगाचे वार्षिक उत्सर्जन 5,000 कोटी टनांहून अधिक आहे, हे पाहता ही कसोटी साधारण एक टक्क्याची. असे निधी बहुधा दहा वर्षांत पैसा परत मागतात. कारखाना उभा राहायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ब्रेकथ्रूने 20 वर्षांची मुदत धरली.

आम्हा संशोधकांना ‘अजून प्रयोग हवेत’ असे म्हणून थांबण्याची सवय असते. इथे थांबता येत नाही. अपुऱ्या माहितीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते. चुकीच्या ‘नाही’ने एखाद्याचे वर्षानुवर्षांचे काम बंद पडते. चुकीच्या ‘हो’ने पैसा जातो, आणि त्याहून मोलाची वर्षे जातात.

वर्गात एखादी चमत्कारिक यंत्राची बातमी वाचून दाखवा आणि हेच तीन प्रश्न मुलांना विचारा. उत्तरासाठी लागणारे बरेचसे गणित अकरावी-बारावीच्या पुस्तकातच आहे.