आयर्विनला किती फूट?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली, की 'कसा आहेस' नंतर विचारतात. आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" बाहेरच्या माणसाला वाटेल, हे काय कुणाची उंची मोजतायत? तर आयर्विन हा आमचा कृष्णेवरचा जुना दगडी पूल. १९२९ सालचा, कमानींचा, त्या वेळचे व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. अलीकडे सांगली, पलीकडे सांगलीवाडी.

हा पूल जाण्यायेण्यासाठी बांधला, पण गावानं त्याची मोजपट्टी करून टाकली. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. कोल्हापुरात हेच काम पंचगंगेवरचा राजाराम बंधारा करतो. तिथे ३९ आणि ४३. हे आकडे दर पावसाळ्यात तुमच्या व्हॉट्सॲपवर येतात. आज बोलायचंय ते असं, की हा आकडा कळायचा कसा?

काठी रोवायचा खेळ

२००५ च्या पुरात मी सहा वर्षांचा होतो. आमचे आबा, म्हणजे आजोबा, मला बोट धरून पाणी बघायला घेऊन जायचे. पाणी जिथं टेकलंय तिथं ते एक काठी रोवायला लावायचे. मग चहा पिऊन परत यायचं. "आता बघ रं, काठी कुठाय?" काठी पाण्यात असेल तर पाणी चढतंय, कोरड्यात असेल तर उतरतंय. मला तो खेळ वाटायचा. आबा मात्र काठीकडे बघून ठरवत होते, की घरातली धान्याची पोती आज वर चढवायची का उद्या.

आबा पोहायला शिकले ते पाठीला सुका भोपळा बांधून. बाबा शिकले पत्र्याचा रिकामा डबा बांधून. घाटावरून मुटका मारायचा, सूर मारायचा, शेवाळलेल्या पायरीवरून घसरून ढोपर फोडून घ्यायचं. पूर आला की धाडसी पोरं थेट पुलावरूनच उड्या टाकायची आणि प्रवाहाबरोबर खालच्या अंगाला बाहेर निघायची. (आजही टाकतात, व्हिडिओ येतात. करू नका. पुलाच्या खांबाला धडकून पाणी मागे भोवरे करतं, आणि भोवऱ्याला पोहता येणाऱ्याचं कौतुक नसतं.)

या खेळात त्या पोरांना एक गोष्ट फुकटात कळायची. घाटाची कुठली पायरी बुडाली की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं. नकाशा नाही, ॲप नाही, पायांना पाठ. म्हणून आबांना '४७ फूट' म्हटलं, की डोळ्यासमोर एक चौक यायचा. मी पोहायला शिकलो स्विमिंग टँकमध्ये. मला ४७ म्हटलं की ४७च दिसायचं.

तांब्या आणि परात

आता थोडं समजून घेऊ. पहिली गोष्ट, ४५ फूट म्हणजे रस्त्यावर ४५ फूट पाणी नव्हे. पट्टीचा शून्य खाली नदीपात्रात ठरवून दिलेला असतो, तिथून वर मोजायचं. बराच मोठा आकडा पात्रातच संपतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नदी पात्रात असते तोवर ती तांब्यासारखी असते. पाणी वाढलं की पातळी भराभर वर चढते, पण पसरत नाही. काठ ओलांडला की तीच नदी परातीत ओतल्यासारखी होते. आता पातळी सावकाश चढते, इंच-इंच, पण प्रत्येक इंच लांबवर पसरतो. म्हणून "कालपासून फक्त अर्धाच फूट वाढलंय" हे ऐकून निवांत होऊ नका. परातीतला अर्धा फूट म्हणजे अख्खी कॉलनी असू शकते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, पाणी फक्त वरून येत नाही. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि आमच्याकडे येतं. पण सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघीही तुडुंब असल्या, तर कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही. ते मागे तुंबतं. याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. सांगलीत ऊन पडलंय आणि पाणी चढतंय, असं होतं ते यामुळेही.

आबांची चूक

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला थोडं जड जातं.

२००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं. आमच्या घराच्या शेवटच्या पायरीला लागलं आणि थांबलं. आबांनी भिंतीवर कोळशानं रेघ मारली. त्या दिवसापासून आमच्या घराचा कायदा ठरला, 'पाणी इथवरच येतं.'

ऑगस्ट २०१९. आकडा ५० च्या पुढे गेला, शेजारी निघाले. बाबा म्हणाले, "आबा, चला आता, गाडी बाहेर निघतीय तोवर जाऊ." आबा म्हणाले, "अरे, नदी काय तुला माझ्यापेक्षा जास्त कळती? रेघ बघ की." आम्ही पोती, कपाटातले कपडे, आजीचं शिवणयंत्र, सगळं खाटेवर ठेवलं आणि थांबलो.

त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात कमरेपेक्षा जास्त. खाट तरंगली. दुसऱ्या दिवशी आम्ही माडीवरून बोटीत उतरलो, आबांना दोघांनी उचलून घेतलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. आमची बोट उलटली नाही, एवढंच.

आबांना नदी कळत नव्हती असं नाही. त्यांना त्यांनी पाहिलेली नदी कळत होती. आठवणीतली रेघ सांगते, की पाणी निदान इथवर येऊ शकतं. याच्या वर येणार नाही, असं ती कधीच सांगत नाही. आम्ही तिचा उलटा अर्थ लावला.

मग आपण काय करायचं?

नदीकाठचं खेळणं कमी होण्याला कारणं आहेत. कृष्णेत मगरी आहेत, सांडपाणी आहे, काही वर्षी मेलेल्या माशांचा खच बघितलाय. पोरांना 'जा, घाटावर खेळ' असं मीही म्हणणार नाही. पण त्या खेळातून मिळणारी माहिती तरी आपल्याकडे राहिली पाहिजे.

म्हणून तीन कामं. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, "आपल्या दारात पाणी किती फुटाला येतं?" तो तुमच्या घराचा फूट. दोन, घरातून गाडी निघेल असा रस्ता किती फुटाला बंद होतो, तेही विचारा. हा आकडा पहिल्यापेक्षा लहान असतो, आणि निघायचं ते यानुसार. तीन, दोन्ही आकडे फॅमिली ग्रुपवर पिन करा.

आमच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. वरची मी मारली, आबांनी खाली बसून बघितलं. म्हणाले, "वर अजून जागा सोड."

तुमच्या गावची मोजपट्टी कुठली? पूल, बंधारा, देवळाची पायरी? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. काळजी घ्या!