घरचा ग्रॅनोला बार : गूळ किती आणि पाक कसा?



मागच्या वर्षी वर्गात मी एक नियम केला. छोट्या सुट्टीत पाकिटातला खाऊ चालणार नाही, घरचंच आणायचं. पालकसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की चौथीतला एक मुलगा छोट्या सुट्टीत डबा उघडतच नाही, नळावर जाऊन पाणी पिऊन येतो. विचारलं तर म्हणाला, "सर, आई सहाला कामाला जाते. दहा रुपयं देती, पण तुम्हाला पाकीट चालत नाही ना." म्हणजे माझ्या नियमामुळे त्याचं पाकीट सुटलं आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नाही. दुपारची खिचडी मिळेपर्यंत पोरगं उपाशी.

नियम मागे घेणं सोपं होतं आणि तो मी घेतलाच. पण मग शोधत बसलो की रविवारी एकदा करून ठेवलं की आठवडाभर पुरेल, सकाळी फक्त उचलून दप्तरात टाकता येईल, ओव्हन लागणार नाही आणि मुलांना 'घरचं' वाटून नकोसं होणार नाही, असं काय आहे? चिवडा सांडतो, लाडू कुस्करतो. शेवटी ग्रॅनोला बारवर आलो. दुकानातल्या चकचकीत वेष्टनात असतो तोच, पण कढईत केलेला.

ग्रॅनोला हा शब्द अमेरिकेतला. 1863 साली जेम्स कॅलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथल्या आपल्या आरोग्यधामात गव्हाच्या पिठाचा एक पदार्थ केला आणि त्याला 'ग्रॅन्युला' म्हटलं. तो इतका कडक असायचा की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाताच येत नसे. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला आणि नावावरून वाद झाल्यावर 'ग्रॅनोला' असं नाव ठेवलं. आजचा ओट्स, बिया, मध घालून भाजलेला ग्रॅनोला आणि त्याच्या वड्या या खूप नंतरच्या. आपल्याकडे चिक्की आणि राजगिऱ्याची वडी होतीच, त्यामुळे ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. फरक आहे तो पाकात आणि गोडाच्या प्रमाणात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

प्रमाण

जाडे ओट्स 125 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन वाट्या. शेंगदाणे 100 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या 25 ग्रॅम. चिरलेला गूळ 160 ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, पाणी दोन चमचे, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर सुंठ किंवा वेलदोडा. यात बरोबर 16 बार होतात, प्रत्येकी सुमारे 30 ग्रॅमचा. ओट्स मिळत नसतील किंवा महाग वाटत असतील तर जाडे पोहे कुरकुरीत भाजून हातानं जरा चुरून घ्या. ज्वारीच्या लाह्याही चालतात. अडून बसू नका.

शेंगदाणे निवडताना मात्र आळस नको. काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे बाजूला काढायचे. त्यांना बुरशी लागलेली असू शकते आणि ते विष भाजून जात नाही. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर डाळवं आणि सूर्यफुलाच्या बिया घ्याव्यात. तिळाचीही ॲलर्जी असते, म्हणून वाटण्याआधी पालकांना विचारायचंच. घरात लहान भावंडं असतील तर सगळ्याच दाण्यांचा कूट करा, अख्खा दाणा तीन-चार वर्षांच्या मुलाच्या घशात अडकतो.

कृती

ओट्स, दाणे, तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा. दाण्यांची सालं काढून निम्म्यांचा बारीक कूट करायचा, निम्मे नुसते भरडायचे. कुटाला तेल सुटतं, ते बार बांधायला मदत करतं. सगळं एकत्र करून कोमट ठेवायचं. गार मिश्रणावर पाक ओतला तर तो जागच्या जागी आळतो आणि गोळे होतात.

आता पाक. पहिल्या वेळी मी चिक्कीसारखा कडक पाक केला आणि जे झालं ते फोडायला बत्ता लागला. पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "सर, तुम्हाला गोळीबंद पाहिजे, तुम्ही पार पुढं गेला." मग त्यांनीच शिकवलं. गूळ, पाणी, तूप मंद आचेवर वितळवायचं, गुळात कचरा असेल तर गाळून परत आचेवर ठेवायचं. फेस आला की वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकायचा. थेंब पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळी वळता आली आणि ती दाबल्यावर दबली तर झाला. टणक होऊन 'कट्' वाजली तर ती चिक्की.

मावशींच्या या थेंबामागे विज्ञान आहे, आणि ते चौथी-पाचवीच्या मुलांना कळतं. पाणी साधारण 100 अंश सेल्सिअसला उकळतं. साखर विरघळलेली असेल तर उकळणबिंदू वर सरकतो. जसजसं पाणी वाफ होऊन जातं तसतसा पाक घट्ट आणि आणखी गरम होत जातो. गोळीबंद पाक साधारण 115 अंशांच्या आसपास असतो, चिक्कीचा कडक पाक 150 च्या जवळ. म्हणजे पाण्यातला थेंब हा आपला तापमापकच. पाकात जितकं पाणी उरेल तितका बार मऊ.

गोळीबंद झाला की गॅस बंद, मिश्रण आत, भराभर ढवळायचं आणि तूप लावलेल्या ताटात ओतायचं. मग दाबायचं. वाटीच्या बुडाला तूप लावून, अंग टाकून, कोपऱ्यांसकट दाबायचं. माझे दुसऱ्या वेळचे बार भुसभुशीत झाले ते केवळ दाबण्यात कुचराई केली म्हणून. कोमट असतानाच कापा, पूर्ण गार झाल्यावर सुरी चालत नाही, तुकडे उडतात. आणि एक ताकीद : पाकाजवळ मुलांना येऊ द्यायचं नाही. उकळत्या पाण्यापेक्षा पाक जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. वर्गात हा उपक्रम केला तेव्हा वजन करणं, निवडणं, चौकोनी ताट 4 × 4 मध्ये आखणं मुलांकडे होतं, कढई माझ्याकडे आणि मावशींकडे. अपूर्णांक शिकवायला 16 वड्यांचं ताट फार उपयोगी पडतं, एक अष्टमांश म्हणजे किती हे न सांगता कळतं.

गूळ म्हणजे साखर नाही का?

हा प्रश्न एका आईनं विचारला आणि तेव्हा माझं उत्तर चुकलं. "गुळाचं आहे, खाऊ द्या कितीही," असं मी म्हणून गेलो. गुळात लोह, खनिजं थोडी असतात हे खरं, पण दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नाममात्र, आणि गुळाचा मोठा भाग साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध वगैरे मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावं, 5 टक्क्यांखाली ठेवता आलं तर आणखी चांगलं. मुलाला दिवसाला 1500 कॅलरी लागतात असं धरलं तर 10 टक्के म्हणजे 150 कॅलरी. साखरेच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणजे 37 ग्रॅमच्या आसपास. आपल्या एका बारमध्ये 160 भागिले 16, म्हणजे 10 ग्रॅम गूळ. त्यात सकाळचा गोड चहा आणि दोन बिस्किटं मिळवा म्हणजे हिशेब कळेल. म्हणून दिवसाला एकच. प्रथिनं एका बारमधून तीन-साडेतीन ग्रॅम मिळतात. अंड्यात त्याच्या जवळपास दुप्पट असतात. तेव्हा बार हा मधल्या वेळचा खाऊ आहे, जेवण नाही.

दुकानातला बार वाईटच असतो असंही मी आता म्हणत नाही. घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त ते आधी, असा नियम आहे. साखर, ग्लुकोज सिरप, मध असं गोड वेगवेगळ्या नावांनी विखुरलेलं असेल तर सगळं एकत्र धरायचं. मुलांना घरची रिकामी पाकिटं आणायला सांगून हा तास मी घेतला. नियम करण्याआधी हाच घ्यायला हवा होता.

बार कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवा. उन्हाळ्या-हिवाळ्यात आठ-दहा दिवस टिकतात. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, बार चिकट होतात, तेव्हा निम्म्या प्रमाणात करा. दाण्यांचा खवट वास आला तर टाकून द्या.

ज्या मुलामुळे हे सुरू झालं त्याच्या आईनं घरी ओट्सऐवजी पोहे घालून केलं. गूळही कमी घेतला, 160 ऐवजी 120. वड्या पडल्याच नाहीत, सगळा चुरा. सोमवारी पोरगा डब्यात तोच चुरा आणि छोटा चमचा घेऊन आला. "सर, बार मोडला." मी म्हटलं, अरे, हाच तर ग्रॅनोला. गूळ कमी हवा असेल त्यांनी असाच करावा, बार न पाडता, आणि घरी असाल तर वाटीत दूध घालून द्यावा.