गाडी चोरीला जाऊन चार वर्षं झाली, आता केस होते का?

चोरीला गेलेली मोटारसायकल चार वर्षांनी शेजारच्या तालुक्यात सापडते आणि पारावर लगेच कुणीतरी सांगतं, "तीन वर्षं उलटली, आता काय होत नाही." हे अर्धंच खरं आहे. पण तेवढ्या बोलण्यावर लोक पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. पूर्वी हे कलम ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत असते. शिक्षा त्याहून जास्त असेल तर मुदतच नाही. पिकअप, टेम्पो अशी माल किंवा प्रवासी वाहणारी गाडी चोरली तर नवं कलम ३०५ लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तिथं मुदतीचा विषयच संपला.

आता मुदत मोजायची कधीपासून? चोर कोण हेच माहीत नसेल, तर तो कोण हे फिर्यादीला किंवा तपास करणाऱ्या पोलिसाला कळलं त्या दिवसापासून. मुदत कुठपर्यंत मोजायची यावर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला: तक्रार दाखल झाली ती तारीख धरा, कोर्टाने दखल घेतली ती नको. नव्या कायद्यात तर एफआयआर नोंदवल्याची तारीख धरावी असं स्पष्टच लिहिलंय. म्हणून गाडी गेली की त्याच दिवशी एफआयआर करा. नुसता अर्ज देऊन, शिक्का मारून घरी येऊ नका. प्रत फुकट मिळते, ती जपून ठेवा. पोलिसांनी 'अ समरी' पाठवली म्हणजे केस मेली असं नाही, आरोपी सापडला की पुढचा तपास करता येतो.

दुसरा घोळ कटाचा. गाडीला हात न लावलेला माणूसही आरोपी होतो: टेहळणी करणारा, चेसिस नंबर खोडणारा, खोटं आरसी बुक करून देणारा. आधी मिळून ठरवलं असेल तर कटाचं कलम लागतं (जुनं १२० ब, नवं ६१). चोरीच्या कटाला मुदत चोरीएवढीच. मात्र सोबत खोट्या कागदांचा सात वर्षांचा गुन्हा एकत्र चालला, तर मुदत त्या मोठ्या गुन्ह्यावरून ठरते, म्हणजे राहतच नाही. उलट बाजूही आहे. "तोपण आमच्यात होता" असं एका आरोपीनं कोठडीत पोलिसांना सांगितलं, तर तेवढ्यावर दुसऱ्याला शिक्षा होत नाही. अपिलात बरेचदा वाद इथंच होतो.

आपल्याकडची पोरं फसतात ती स्वस्तातल्या बिनकागदाच्या गाडीत. चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून ती घेतली, नुसती ठेवून घेतली, तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निम्म्या किमतीत, विना आरसी, हे 'कारण' कोर्टाला पुरतं असं समजूनच चाला.

शिक्षा झालीच तर मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात ३० दिवसांत अपील, सेशनने दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवसांत. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो. आरोपी सुटला तर गाडीमालकालाही अपिलाचा हक्क आहे, सरकारी वकिलाची वाट बघत बसायची गरज नाही.